हाताने आठ, पायाने पाच



मागच्या महिन्यात या सदरात सहज लिहून गेलो की नागपूर-पांढुर्णा गाडीत मी कानाला हेडफोन लावून मेटल ऐकतो. त्यावर आलेले निरोप दोन जातींचे होते. मोठ्यांचे, 'अरे, त्या गोंगाटात काय ठेवलंय?' आणि धाकट्यांचे, 'दादा, पोर्टनॉय की मँजिनी?' म्हणजे आपल्या मंडळातही हे ऐकणारी पोरं आहेत तर! बरं वाटलं. कारण आमच्या भागात या विषयावर बोलायला मला आजवर एकच माणूस सापडलाय, आणि ते एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांचं पुढे येईलच.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची गोटमारही आटोपली. (बाहेरचे लोक पांढुर्णा म्हटलं की जाम नदी, सावरगाव आणि दगड एवढंच विचारतात. आज तो विषय नाही.) आता आमच्याकडे वेध लागलेत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचे. पुण्यतिथीचं भजन आणि मेटलचे ड्रमर यांचा काय संबंध, असं वाटेल. माझ्यापुरता फार आहे.

आधी ज्यांना हे संगीत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे गिटार मेटलचीच, जाड आणि खरखरीत, पण ताल सरळ चारांचा नाही. पाच, सात, नऊ, अकरा, आणि तेही एकाच गाण्यात बदलत जाणारे. आपल्याकडे रूपक सातांचा, झपताल दहांचा, दीपचंदी चौदांची, म्हणजे असं मोजणं आपल्याला नवं नाही. फरक इतकाच की आपल्याकडे तबलजीने एकदा ताल धरला की बंदिश संपेपर्यंत तोच ताल. ही मंडळी दर ओळीला घर बदलतात. ड्रीम थिएटरचं 'द डान्स ऑफ इटर्निटी' हे १९९९ सालचं, सहा मिनिटांचं वादन आहे. त्यात शंभराहून जास्त वेळा ताल बदलतो. लोकांनी बसून मोजलंय. मीही एकदा मोजायला बसलो होतो, काटोल यायच्या आत हरलो.

कॉलेजात असताना आमचे वाद ठरलेले असायचे. सगळ्यात वेगवान कोण? सगळ्यात अवघड कोण वाजवतो? मी तेव्हा ठामपणे सांगायचो की अवघड वाजवतो तो मोठा. आता माझ्याकडे दोनच प्रश्न उरलेत. पहिला, हा माणूस ऐकणाऱ्याच्या हातात धरायला काय ठेवतो? दुसरा प्रश्न माझा नाही, मोठेबाबांचा आहे. म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. राहतात सौंसरजवळच्या आमच्या मूळ गावी. पांढुर्ण्याहून मोटारसायकलने तासाभराचा रस्ता, बाजूला संत्र्याच्या बागा. तिथे खंजिरी भजनाचं मंडळ आहे: एक हार्मोनियम, एक ढोलक, तीन-चार खंजिऱ्या आणि मिळतील तितके टाळ. तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) स्वतः खंजिरी वाजवत गायचे, तीच खंजिरी घेऊन ते १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेलाही गेले होते. विदर्भातल्या गावोगावी ही भजनं चालतात, आणि आमच्या दोन तहसिली मध्य प्रदेशात असल्या तरी या बाबतीत विदर्भच. मोठेबाबांनी त्या मंडळात चाळीस वर्षं ढोलक वाजवली. २०२४ च्या संक्रांतीच्या आठवड्यात त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली. नागपूरला नेलं, जीव वाचला, हळूहळू पाय आला. हात राहिला.

त्या वर्षी पुण्यतिथीला ढोलकवर मला बसवलं. मी लहानपणी सहा वर्षं तबला शिकलोय, नागपूरच्या खोलीत रबरी पॅडवर रोज तासभर ड्रमचे हात घोटतो. भजनी ठेका आठ मात्रांचा. मनात म्हटलं, एकोणीस मात्रांवर डोकं फोडणाऱ्या माणसाला आठ मात्रा म्हणजे काय!

वाजलं सगळं बरोबर. नंतर मी फोनमधलं रेकॉर्डिंग मेट्रोनोमला लावून तपासलं, लय केसभरही हलली नव्हती. पण भजन उठलं नाही. एरवी दुगुन सुरू झाली की म्हातारी माणसं डोलायला लागतात, बायका टाळी धरतात, मागची पोरं उभी राहतात. त्या रात्री सगळे नीट बसून ऐकत होते. लोक नीट बसून ऐकताहेत म्हणजे भजनाची फजिती झाली असं समजायचं.

सकाळी मोठेबाबा ओसरीवर बसले होते. जीभ अजून जड होती, शब्द जुळवून बोलायचे.

"चांगलं वाजवलं तू."

मी गप्प.

"पन एक सांग मले. गानारा दम घेते, तवा तू काय करतं?"

"काय करतो म्हणजे? ठेका वाजवतो."

"तेच ना," म्हणाले आणि चहाकडे वळले.

हा तो दुसरा प्रश्न. गाणारा श्वास घेतो तेव्हा वाजवणारा काय करतो? मी परतीच्या गाडीत पोर्टनॉय लावला आणि पहिल्यांदाच तेवढंच ऐकलं.

माइक पोर्टनॉय हा ड्रीम थिएटरच्या संस्थापकांपैकी एक. १९८५ मध्ये बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात तिघा विद्यार्थ्यांनी हा बँड काढला, त्यातला हा ड्रमवाला. त्याचं ऐका: गायकाने ओळ संपवली की पोर्टनॉय त्या फटीत उडी घेतोच. टॉमवरून धडधडत खाली येतो, सिंबलवर एक फटका, आणि पुढची ओळ जणू ताटात वाढून देतो. ताल सातचा असो की नऊचा, वळण आलं की तो हात वर करून सांगतो, 'मंडळी, इथे वळायचंय.' मंचावर तो उभा राहतो, काठ्या उडवतो, सोबत गातो. सगळ्यांना समेवर बोलावून आणणारा माणूस. त्याच्यावर टीका होते की तो तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा वापरतो, आणि ते खोटं नाही. पण भजनी मंडळातला ढोलकवालाही तेच ते तुकडे वापरतो. लोकांना ते ओळखीचे असतात म्हणून तर लोक त्यावर झुलतात.

२०१० मध्ये पोर्टनॉय बँड सोडून गेला. त्याच्या जागी माणूस निवडायला बँडने सात नामवंत ड्रमर बोलावले आणि सगळ्या परीक्षेचं चित्रण करून लोकांना दाखवलं. तरुण वाचकांनी ते जरूर बघावं, नोकरीच्या मुलाखतीला जाण्याआधी तर नक्कीच. निवड झाली माइक मँजिनीची. हा माणूस त्याच बर्कलीत शिकवणारा मास्तर. दोन्ही हात सारखे चालणारा, वेगाचे विक्रम केलेला, आणि तालाचं गणित तोंडपाठ. निवड झाल्याचं कळतं तेव्हा त्याचे डोळे भरून येतात, ते बघून माझेही आले होते.

आता गंमत ऐका. मँजिनीच्या पहिल्या अल्बमची (२०११) गाणी तयार झाली तेव्हा ड्रमचे भाग गिटारवादक जॉन पेट्रुचीने आधी संगणकावर बसवून ठेवले होते. मँजिनीने ते वाजवले, त्यात आपली भर घातली, काय अचूक वाजवले! पण ते दुसऱ्याने घालून दिलेलं ताट होतं. पुढच्या अल्बमांत तो मोकळा होत गेला. २०२२ मध्ये ड्रीम थिएटरला पहिलं ग्रॅमी मिळालं ते 'द एलियन' या गाण्यासाठी, आणि त्यावर ड्रम मँजिनीचे आहेत. पोर्टनॉयच्या इतक्या वर्षांत जे आलं नव्हतं ते मँजिनीच्या काळात आलं. तरी मैफलीनंतर लोक काय म्हणत? 'सगळं बरोबर होतं, पण...'

हा 'पण' मी ऐकलेला आहे. गावच्या ओसरीवर.

२०२३ चा ऑक्टोबर मला दोन कारणांनी लक्षात आहे. त्या महिन्यात आमचा पांढुर्णा जिल्हा झाला, पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यातून निघून. आणि त्याच महिन्यात जाहीर झालं की पोर्टनॉय परत येतोय, मँजिनी जातोय. तेव्हा मी आनंदाने उड्या मारल्या होत्या. वर्षभराने स्वतः बदली खेळाडू म्हणून बसल्यावर मँजिनीची आठवण वेगळी यायला लागली. तेरा वर्षं एक चूक न करता वाजवायचं आणि मूळ माणूस दारात आला की उठायचं. तो कुरकुर न करता उठला, हेही लक्षात ठेवायला हवं. २०२५ च्या फेब्रुवारीत पोर्टनॉयसह 'पॅरासॉम्निया' आला. ऐकल्यावर पहिल्याच गाण्यात त्याच्या त्या ओळखीच्या धडधडीने मला हसू फुटलं, हे कबूल. तर पोरांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ऐकायला पोर्टनॉय, शिकायला मँजिनी. आणि वाईट वाटून घ्यायलाही मँजिनीच.

मोठेबाबांना वाजवता येईना, तेव्हा ऐकणं तरी चालू राहावं म्हणून मी रविवारी सौंसरला जायला लागलो. फोन तांब्याला टेकवून ठेवायचा आणि एकेका ड्रमरचं चित्रण लावायचं. मोठी आई दार लावून घ्यायची. मोठेबाबा मात्र कंटाळले नाहीत. त्यांना गिटार ऐकूच येत नाही, असं ते म्हणतात. 'तो गोंगाट बाजूले ठेव, हात दाखव याचे.'

डॅनी केरीचे हात बघून ते सरसावून बसले. केरी अमेरिकेतल्या टूल या बँडचा ड्रमर. उंच, आडदांड, भोवती घंटा, पॅड आणि ड्रमचं अख्खं दुकान. त्याचं 'न्यूमा' हे मैफलीतलं वादन, फक्त ड्रमवर कॅमेरे ठेवून घेतलेलं, जगभर गाजलंय. बारा मिनिटं आहे. मोठेबाबांनी पूर्ण बघितलं आणि विचारलं, "याले कोनी शिकवलं?" मी सांगितलं, हा आलोक दत्त नावाच्या गुरूंकडे तबला शिकलाय. "वाटलंच," म्हणाले. त्यांना दिसलं होतं ते असं: केरी टॉमवर जे वाजवतो ते तुकडे नसतात, आवर्तन असतं. वाक्य सुरू झालं की ते गोल फिरून येईपर्यंत तो मध्ये कुठे टाळ्या मागत नाही. पोर्टनॉय दर चौकात थांबून हाक मारतो, केरी अख्खी प्रदक्षिणा घालून मगच घंटेला हात लावतो.

मग मी त्यांना टूलचं २००१ सालचं 'लॅटरलस' लावून दिलं. या गाण्याच्या ध्रुवपदात ताल नऊ, आठ, सात असा उतरत जातो. ९८७ ही फिबोनाची श्रेणीतली संख्या आहे, गाण्यातल्या शब्दांची अक्षरंही त्या श्रेणीच्या हिशेबाने येतात, यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. मीही तेच ज्ञान मोठेबाबांना देत होतो. ते ऐकत नव्हते. उजव्या हाताने मांडीवर भजनी ठेका धरून बसले होते, साधा आठांचा. मी म्हटलं, हे आठांत बसणार नाही, नऊ-आठ-सात आहे. ते थांबले नाहीत. तिसऱ्या आवर्तनाला त्यांची टाळी आणि केरीचा फटका एका जागी पडला.

"बरोबर येते ना बा!"

मी मनात बेरीज केली. नऊ अधिक आठ अधिक सात, चोवीस. आठ त्रिक चोवीस! दहा वर्षं हे गाणं ऐकतोय, फिबोनाची कळला होता, पण साधा पाढा लक्षात आला नव्हता. घरी करून बघा: एकाने नऊ-आठ-सात मोजत प्रत्येक 'एक'वर टाळी द्यायची, दुसऱ्याने तितक्याच गतीने आठ-आठ-आठ. मधल्या दोन टाळ्या चुकतात, चौथी पुन्हा एकत्र पडते.

आता टोमास हाके. स्वीडनच्या मेशुगा बँडचा ड्रमर, आणि त्यांचे बरेचसे शब्दही तोच लिहितो. हा माणूस नीट समजून घ्यायचा तर हातपाय हलवावे लागतील, म्हणून जेवणानंतर करू नका. हाताने टाळी द्या आठ मात्रांच्या हिशेबाने, पहिल्या मात्रेवर मोठी. पायाने मात्र पाच मात्रांचा एक तुकडा वाजवत राहा, एक-दोन-तीन-चार-पाच, एक-दोन-तीन-चार-पाच. पहिल्या आवर्तनातच पाय हाताला सोडून पुढे जातो. आपल्या हिशेबाने दोघं चाळीस मात्रांनी पुन्हा भेटतील. मेशुगावाले तितकं थांबत नाहीत. समजा त्यांना आठांची चार आवर्तनं, म्हणजे बत्तीस मात्रा हव्या आहेत. पाचाचे सहा तुकडे झाले की तीस होतात, उरल्या दोन. सातवा तुकडा दोन मात्रांवर कात्रीने कापल्यासारखा कापायचा आणि सगळ्यांनी मिळून समेवर यायचं. तो कापलेला तुकडा ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आणतो. आकडे मी सोपे घेतलेत, त्यांचे तुकडे याहून कितीतरी वाकडे असतात, पण रीत हीच.

बहुतेक लोकांना मेशुगा ऐकताना ताल सापडत नाही, कारण ते गिटारच्या आणि पायाच्या मागे धावतात. हाकेचा उजवा हात बघा. सिंबलवर तो साधे चार मोजतोय, स्नेअर तिसऱ्या मात्रेवर, घड्याळासारखी. धरायला त्याने हात ठेवलाय, लोक पाय धरायला जातात. २००८ च्या 'ब्लीड'मध्ये तर सात मिनिटांच्या वर पायांचं अखंड टकटक-टक-टक चालू असतं, त्यासाठी त्याला पायांची वेगळी रीत नव्याने बसवावी लागली. आणि गाणारा दम घेतो तेव्हा? काही होत नाही. यंत्र चालू राहतं. तिथे गाणाराही यंत्राचाच एक दाता आहे. २००५ च्या अल्बममध्ये तर त्यांनी ड्रम संगणकावरच बसवले होते. मला हाके प्रचंड आवडतो, पण मोठेबाबांचा प्रश्न त्याच्या गावचा नाही, हेही खरं.

मोठेबाबांनी 'ब्लीड' अर्धा मिनिट बघितलं आणि मान हलवली. "हे दोन मानसं वाजवून राह्यले." मी म्हटलं, नाही, एकच आहे. "मंग त्याच्या आंगात दोन हाय."

गॅव्हिन हॅरिसनबद्दल मी जरा भीतभीतच लावलं, कारण तो दिसायला काहीच करत नाही. इंग्लंडचा हा ड्रमर २००२ मध्ये पॉर्क्युपाइन ट्रीमध्ये आला. मेटलवाले म्हणतात हा रॉकवाला, रॉकवाले म्हणतात हा जॅझवाला. त्याने १९९६ मध्ये 'रिदमिक इल्यूजन्स' नावाचं पुस्तक लिहिलंय, तालाच्या भासांवर: सम आहे तिथेच ठेवायची, पण ऐकणाऱ्याला ती अर्धी मात्रा सरकलीय असं वाटायला लावायचं. एवढी विद्या असलेला माणूस गाण्यात ती क्वचित दाखवतो. 'द साउंड ऑफ म्यूझॅक'चं कडवं सातांचं आहे, पण आमची ताई ते स्वयंपाक करताना गुणगुणते आणि तिला सात आहेत याचा पत्ता नाही. हॅरिसन स्नेअरवर मोठ्या फटक्यांच्या मध्ये अगदी हलके, जेमतेम ऐकू येणारे टिपके टाकत जातो. त्यामुळे सात मात्रा लंगडत नाहीत, वाहतात. रूपकात सम खालीवर येते, म्हणजे जिथे जोर अपेक्षित असतो तिथे हलकेपणा असतो. हॅरिसनचं ऐकताना मला नेहमी तसं वाटतं.

आणि गायक थांबला की? हॅरिसन बहुतेक वेळा काही वाढवत नाही. एखादा टिपका कमी करतो. कधी हाय-हॅट किंचित उघडतो, श्वास सोडल्यासारखा. मोठेबाबांनी हे माझ्याआधी पकडलं. "हा बोलत नाही. हुंकारा देते." रात्री गोष्ट सांगणाऱ्याला मध्येमध्ये 'हूं' म्हणावं लागतं, नाहीतर गोष्ट पुढे जात नाही, तो हुंकारा. मी हॅरिसनवर पुष्कळ वाचलंय, इतकं नेमकं कुठे वाचलं नाही.

याच हॅरिसनने किंग क्रिमसनमध्ये आणखी दोन ड्रमरांबरोबर काम केलंय. २०१४ ते २०२१ या काळात त्यांच्या मैफलीत तीन ड्रमर मंचावर सगळ्यात पुढे असत आणि गायक-गिटारवाले मागच्या ओळीत! दिंडीत टाळ-मृदंगवाले पुढे असतात तसं. तिघांनी एकमेकांच्या अंगावर न पडता वाजवायचं. एक बोलतो, दुसरा थांबतो. खंजिरी मंडळाने बघण्यासारखं आहे.

बाकीच्यांना आज न्याय देता येणार नाही. गोजिराचा मारिओ डुप्लांतिए तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात राजवाड्याच्या खिडक्यांतून ज्वाळा निघत होत्या आणि आईने टीव्हीचा आवाज कमी केला होता, तोच बँड. भारतातल्या स्कायहार्बरचे पहिले दोन अल्बम अनुप शास्त्रीच्या ड्रमसाठी ऐकावेत. आणि एक माणूस मेटलचा नाही, तरी या पंगतीत मी त्याला बसवणार: त्रिलोक गुर्टू. ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचा मुलगा, मूळ बेळगावच्या घरातला. तबला आणि ड्रम एकत्र मांडून, जमिनीलगत बसून वाजवतो, मध्येच झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा सूर वाकवतो. आईच्या ठुमरीमागे वाढलेल्या मुलाला गाणाऱ्याचा दम कुठे सुटतो हे कुणी वेगळं शिकवावं लागलं नसेल, असा माझा अंदाज.

गेल्या रविवारी गेलो तर ढोलक ओसरीवर काढून ठेवलेली. दीड वर्ष ती माळ्यावर होती. मोठेबाबांच्या डाव्या हाताची बोटं आता थोडी उघडतात, कपबशी धरतात, पण थाप उमटत नाही. ढोलकची उजवी बाजू कडक वाजणारी, डावी घुमणारी. त्यांनी ती आडवी ठेवली, उजवी स्वतःकडे ओढली आणि मला समोर बसायला सांगितलं.

"डावी तू धर."

"अशी कुठे वाजवतात का?"

"तो स्वीडनवाला वाजवते ना दोघायची एकटा? आपन एकट्याची दोघं वाजवू."

मोठी आईने भजन म्हटलं. मी डाव्या बाजूला. एवढंच काम की त्यांच्या उजव्याला घुमारा द्यायचा. पहिल्या कडव्यात मी तीनदा आधी पडलो. लय मेट्रोनोमवर तपासली असती तर चूक त्यांची निघाली असती. ओळ संपते, मोठी आई दम घेते, आणि मोठेबाबांचा उजवा हात तिथे किंचित रेंगाळतो. फार नाही, पापणी लवायला लागेल इतका. मग ती 'स' उचलते आणि त्याच क्षणी त्यांची थाप पडते, जणू तिनेच वाजवली. मी मोजत बसलो की चुकायचो. तिच्या तोंडाकडे बघितलं की जमायचं.

चौथ्या की पाचव्या कडव्याला जमलं. शेजारच्या काकू फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी कधी टाळी धरली कळलं नाही.

यंदाच्या पुण्यतिथीला ढोलकवर कोण, हे मंडळाने अजून ठरवलेलं नाही. दोन माणसं एका ढोलकला बसली तर लोक हसतील, असं एकाचं म्हणणं आहे. मोठेबाबांचं म्हणणं, हसू दे, भजनाले आलेल्या मानसानं हसलं त काय बिघडलं. मला येत्या रविवारी पुन्हा बोलावलंय. ढोलकची दोरी सैल झालीय, दोन कड्या तुटल्यात, त्या पांढुर्ण्याच्या बाजारातून घेऊन जायच्या आहेत. आणि मोठेबाबांनी फोनमध्ये भरून आणायला सांगितलंय, 'तो हुंकाऱ्यावाला'.